हे भावकीला कळलेच पाहिजे

शाळेच्या मैदानावर धावताना एखादे मूल कोसळते आणि दवाखान्यात पोहोचेपर्यंत सारे संपलेले असते. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात चार ओळी येतात. पोलीस ठाण्यात अकस्मात मृत्यूची नोंद होते. घरी जमलेली माणसे आपापल्या परीने कारण शोधतात. कुणी म्हणते ऊन लागले, कुणी म्हणते पोर सकाळपासून उपाशी होते, कुणी दृष्ट लागली म्हणते. मग दिवसकार्य आटोपल्यावर घरातली एखादी म्हातारी हळूच सांगते, की मुलाचा चुलत आजाही असाच, ऐन तिशीत, नांगर धरलेला असताना गेला होता. तिचे कुणी ऐकत नाही. ऐकलेच तर तिला लगेच गप्प केले जाते, कारण घरात लग्नाच्या मुली आहेत.

त्या म्हातारीचे ते एक वाक्य ही त्या घरातली सर्वांत मोलाची वैद्यकीय माहिती असू शकते. ती दाबली गेली, तर त्याच घरातले दुसरे मूलही जाऊ शकते. आपल्या समाजाने ही दाबादाबी थांबवावी, एवढेच मला सांगायचे आहे. पण ते नीट सांगायचे तर आधी आजार समजून घ्यावा लागेल.

मुलांच्या आणि तरुणांच्या अशा अचानक मृत्यूंमागे जी कारणे असतात, त्यांतले एक म्हणजे हृदयाच्या स्नायूचा आनुवंशिक आजार. त्याचा सर्वाधिक अभ्यासला गेलेला प्रकार हायपरट्रॉफिक कार्डिओमायोपथी. यात हृदयाची भिंत, बहुधा दोन कप्प्यांमधला पडदा, कारण नसताना जाड होत जाते. निरोगी स्नायूचे तंतू एका दिशेने रचलेले असतात. इथे ते विस्कटलेल्या पेंढीतल्या काड्यांसारखे वेडेवाकडे पडलेले दिसतात. हृदयाचा ठोका ज्या विजेवर चालतो, ती या विस्कटलेल्या स्नायूतून वाट चुकू शकते. तसे झाले की काही सेकंदांत हृदय नुसते थरथरते आणि रक्त पुढे ढकलणे थांबते. १९५८ मध्ये लंडनचे शवचिकित्सक डोनाल्ड टेअर यांनी अशा आठ जणांच्या हृदयांचे वर्णन प्रसिद्ध केले. बहुतेक जण तरुण होते आणि बहुतेक अचानक गेले होते.

मोठ्या माणसांत हा आजार साधारण ५०० मध्ये एकाला असतो. लहान मुलांत तो बराच विरळ. अमेरिका आणि ऑस्ट्रेलिया या देशांतल्या २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या नोंदींनुसार हृदयस्नायूच्या सर्व प्रकारच्या आजारांचे मिळून दर लाख मुलांमागे वर्षाला एकाहून थोडे अधिक नवे रुग्ण आढळतात. विरळ आहे, हे खरे. पण ज्या घरात तो आहे, त्या घराला लाखाचा हिशेब लागू होत नाही. आई किंवा वडील यांच्यापैकी एकाच्या जनुकात तो दोष असेल, तर प्रत्येक मुलात तो उतरण्याची शक्यता ५० टक्के. मुलगा असो वा मुलगी, शक्यता तेवढीच. दोष बापाकडून आलेला असो वा आईकडून, शक्यता तेवढीच.

हे वाक्य मी मुद्दाम ठळकपणे लिहितो आहे. आपल्याकडे मूल गेले की पहिले बोट सुनेकडे वळते. पांढऱ्या पायाची, म्हणून तिला आयुष्यभर ऐकवले जाते. आणि ज्याच्या हृदयाची इको आजवर कधी झालेली नाही, तो बाप त्या बोलण्यात मान खाली घालून गप्प बसतो. मुलांच्या हृदयरोग विभागात हे दृश्य नवीन नाही. मुलाच्या छातीवर जेल लावून तपासणी होते, भिंत जाड दिसते, डॉक्टर बापाला म्हणतात, आता तुम्हीही या टेबलावर झोपा. बाप म्हणतो, मला काय झालंय? मी रोज पोती उचलतो. पोती उचलणाऱ्या माणसाच्या हृदयातही हा आजार वर्षानुवर्षे मुकाट असू शकतो. एकाच घरात, एकाच जनुकदोषासह, एक माणूस सत्तरी गाठतो आणि दुसरा पंधराव्या वर्षी जातो. बाप टेबलावर झोपायला तयार झाला, तर त्याच्या चार भावंडांच्या मुलांचा रस्ता मोकळा होतो. नाही झाला, तर तिथेच सगळे अडते.

कॅनडातल्या क्वेबेक प्रांतात कोटिकुक नावाचे गाव आहे. तिथल्या एका फ्रेंच भाषिक घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या माणसे अशी अवेळी जात. त्या घराण्याला शाप आहे, असे लोक बोलत. अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठातल्या क्रिस्टिन आणि जोनाथन सायडमन यांच्या गटाने याच घराण्याचा अभ्यास केला. १९८९ मध्ये दोष चौदाव्या गुणसूत्रावर असल्याचे त्यांनी दाखवले आणि १९९० मध्ये नेमके जनुक हाती आले. हृदयस्नायूला आकुंचन पावायला लावणाऱ्या एका प्रथिनाचे ते जनुक होते, आणि चूक होती एका अक्षराची. शापाचा हा उलगडा प्रयोगशाळेने एकटीने केला नाही. त्या घरच्या जित्याजागत्या माणसांनी रक्त दिले, आपल्याकडे कोण कसे गेले हे परक्यांना सांगितले, म्हणून तो झाला.

आज अशी अनेक जनुके ठाऊक आहेत. एमवायएच-७ आणि एमवायबीपीसी-३ ही त्यांतली प्रमुख. ज्या मुलाला आजार आहे त्याचे रक्त तपासले, तर साधारण अर्ध्या घरांत दोषी बदल सापडतो. सापडला, तर भावंडांची, चुलत-मामे भावंडांची तपासणी सोपी होते आणि पहिल्या तपासणीहून बरीच स्वस्तही, कारण आता एकच जागा पाहायची असते. ज्या भावंडात तो बदल नाही, त्याची दर वर्षा-दोन वर्षांची इको सुटते आणि मनावरचे ओझेही उतरते. बदल सापडला नाही, तर नातेवाइकांच्या रक्ततपासणीला अर्थ उरत नाही. ईसीजी आणि इको करत राहायचे. कधी अहवालात लिहून येते, की बदल आहे पण त्याचा अर्थ आज निश्चित सांगता येत नाही. अशा अहवालावर कुणाचे आयुष्य ठरवायचे नसते. तो जपून ठेवायचा आणि काही वर्षांनी पुन्हा विचारायचा.

या अनिश्चिततेचे एक मोठे कारण आपल्याशी थेट जोडलेले आहे. जगातली जनुकांची बरीचशी माहिती युरोपीय वंशाच्या लोकांकडून गोळा झाली. त्यामुळे अमेरिकेत काय घडले, ते २०१६ च्या एका अभ्यासाने उघड केले: कृष्णवर्णीय लोकांत सहज आढळणारे काही निरुपद्रवी बदल याच आजाराचे कारण म्हणून त्यांच्या अहवालांत नोंदले गेले होते. तुलनेसाठी पुरेसे कृष्णवर्णीय लोक आधीपासून घेतले असते, तर ही चूक टळली असती. आपल्याकडेही धडा मिळाला आहे. एमवायबीपीसी-३ मधली २५ अक्षरे गळालेला एक बदल भारतीय उपखंडातल्या सुमारे ४ टक्के लोकांत आढळतो, असे २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. त्या कामात हैदराबादच्या सीसीएमबी या संशोधन संस्थेचे संशोधक होते. कोट्यवधी भारतीयांच्या हृदयात दोष, अशी खळबळ उडाली. पुढे २०१८ आणि २०२० च्या अभ्यासांतून दिसले, की त्या बदलाचा एकट्याचा परिणाम बराच कमी असावा आणि काहींमध्ये त्याच्या जोडीने येणारा दुसरा बदल अधिक कारणीभूत असावा. विज्ञानाने स्वतःची दुरुस्ती केली, कारण तपासायला आपली माणसे होती. जीनोम इंडिया प्रकल्पाने २०२५ च्या जानेवारीत १० हजार भारतीयांच्या जनुकसंचाची माहिती संशोधकांना खुली केली, तिचे मोल यासाठी आहे. जे घर आपला आजार लपवते, ते पुढच्या घरांच्या अहवालांतली अनिश्चितताही कायम ठेवते.

आता प्रश्न धोक्याचा. आई-बाप डॉक्टरांना विचारतात तो एकच असतो: आमच्या पोराचे पुढे काय? मोठ्यांसाठी २०१४ मध्ये तयार झालेले युरोपीय गणित १६ वर्षांखालच्या मुलांसाठी नव्हतेच. २०१९ मध्ये लंडनच्या ग्रेट ऑर्मंड स्ट्रीट रुग्णालयातील गॅब्रिएल नॉरिश, जुआन पाब्लो कास्की आणि अनेक देशांतील त्यांचे सहकारी यांनी १,०२४ मुलांच्या नोंदींवरून मुलांसाठीचे सूत्र मांडले. कारण न सापडलेली बेशुद्धी, भिंतीची जाडी, डाव्या वरच्या कप्प्याचा आकार, रक्ताच्या वाटेतला अडथळा आणि ठोक्यांची विशिष्ट अनियमितता यांवरून पुढच्या पाच वर्षांतला धोका त्यातून काढता येतो. पुढच्याच वर्षी टोरंटोच्या सिक किड्स रुग्णालयातील सीमा मित्तल यांच्या गटाने दुसरे सूत्र दिले. त्यात वय आणि जनुकीय निष्कर्षही धरलेले होते.

या सूत्रांची ताकद आणि मर्यादा दोन्ही घरच्यांना कळायला हव्यात. लंडनच्या सूत्राचे असे आहे: दोन मुले घ्या, एकाच्या वाट्याला पुढे जीवघेणा प्रसंग आला आणि दुसऱ्याच्या आला नाही. अशा दहा जोड्यांपैकी साधारण सात जोड्यांत सूत्र योग्य मुलाकडे बोट दाखवते. नुसता अंदाज बांधला तरी पाच जोड्या जुळल्याच असत्या. म्हणजे सूत्र उपयोगी आहे, पण ते पत्रिका नाही. त्यावरून ठरते ते एवढेच, की छातीत आयसीडी हे यंत्र बसवण्याचा विचार करायचा का. ते यंत्र जीवघेणी अनियमितता ओळखून धक्का देते आणि जीव वाचवते. पण लहान मुलात ते अनेकदा बदलावे लागते, त्याच्या तारा बिघडू शकतात, कधी विनाकारण धक्का बसतो. चार टक्के की सात टक्के या आकड्यासमोर आई-बापांना एकटे सोडून चालत नाही. डॉक्टरांनी त्यांच्यासोबत अर्धा तास बसायला हवे, त्यांच्या भाषेत बोलायला हवे. घाईच्या ओपीडीत हे होत नाही आणि ते न होणे ही वैद्यकीय त्रुटी मानली पाहिजे.

टोरंटोच्या अभ्यासातली एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. घरात कुणाचा अचानक मृत्यू झाला होता का, याचा आजारी मुलाच्या स्वतःच्या धोक्याशी संबंध आढळला नाही. काका गेला म्हणून पुतण्या जाणारच, असे मुळीच नाही. घराण्याचा इतिहास मूल शोधून काढायला लागतो. एकदा मूल सापडले, की त्याचे पुढचे त्याच्या स्वतःच्या हृदयावरून ठरते. लोक नेमके उलटे करतात. इतिहासाला घाबरून तो लपवतात, म्हणजे जिथे तो उपयोगी आहे तिथे वापरत नाहीत. आणि मनातल्या मनात त्याचेच भाकीत करून मुलाला जगणे नकोसे करतात.

मुलाला खेळू द्यायचे की नाही, हा त्याच भीतीचा पुढचा अंक. निदान झाले की पोराला घरात कोंडणारी घरे आहेत. दहा वर्षांचे मूल मैदानाच्या कडेला दप्तरे सांभाळत बसते. पूर्वी वैद्यकीय सल्लाही असाच कडक होता. आता हलका आणि मध्यम व्यायाम फायद्याचा मानला जातो. ८ ते ६० वयाच्या १,६६० जणांच्या २०२३ मधील अभ्यासात भरपूर व्यायाम करणाऱ्यांत जीवघेण्या घटना इतरांहून अधिक आढळल्या नाहीत. ती मंडळी तज्ज्ञांच्या देखरेखीखाली होती, हेही सांगायला हवे. मुलाने काय खेळावे हे डॉक्टरांशी बोलून ठरवावे, शेजाऱ्यांशी बोलून नव्हे.

शिक्षकांनी एक खूण मात्र पक्की ध्यानात ठेवावी. प्रार्थनेला उन्हात बराच वेळ उभे राहिलेले मूल घेरी येऊन खाली बसले, तर ते बहुधा साधे असते. पण ऐन धावताना, किंवा धाव संपवल्याबरोबर, मूल धाडकन कोसळून बेशुद्ध पडले, तर ते शुद्धीवर आले तरी त्याची ईसीजी आणि इको झालीच पाहिजे. आपल्याकडे याला फिट आली म्हणतात आणि कांदा नाकाला लावतात. कधी फिटची औषधे वर्षभर चालतात, कधी बाहेरची बाधा म्हणून भगताकडे नेतात. महाराष्ट्राने २०१३ मध्ये जादूटोणाविरोधी कायदा केला. त्या कायद्याच्या मागे उभ्या राहिलेल्या चळवळीच्या कार्यकर्त्यांनी ही एक खूण गावोगावच्या व्याख्यानांत सांगितली, तर भगताच्या अंगणातून काही मुले वेळीच इकोच्या खोलीत पोहोचतील. आणि तपासणीची घाई दुसऱ्याही कारणाने आहे: तान्ह्या बाळांत हृदय अशक्त होण्यामागे कधी ड जीवनसत्त्व आणि कॅल्शियमची तीव्र कमतरता असते, ती भरून काढली की हृदय सुधारते. पॉम्पे नावाच्या आजारात हृदय सुजल्यासारखे जाड होते आणि बाळ लुळे पडते. त्यावर विकर (एन्झाइम) देण्याचा उपचार आहे, तो जितका लवकर तितका बरा. आनुवंशिक म्हणजे उपाय नाही, हा समज तेवढा सोडला पाहिजे.

आता भावकी. जनुक समुपदेशक पहिल्या भेटीत कागदावर वंशवृक्ष काढतो. पुरुषाला चौकोन, स्त्रीला वर्तुळ, गेलेल्यावर तिरकी रेघ. तो विचारतो, कोण चाळिशीच्या आत गेले? कोण विहिरीत बुडाले? त्याला पोहता येत होते का? कुणाची गाडी सरळ रस्त्यावर, समोर कुणी नसताना, झाडावर आदळली? आई-बापांना यातले फारच थोडे माहीत असते. आजीला माहीत असते, आणि आजीच्या जावांना. पण चुलत घराशी बोलणे बंद आहे, कारण बांधावरून कोर्टात दावा आहे. मी हे वारंवार पाहिले आहे, की ज्या चुलत भावाच्या मुलाला तपासणीची सर्वांत जास्त गरज, त्याच्याच घरी निरोप जात नाही. वाटणीत जमीन वेगळी झाली, विहीर वेगळी झाली, सातबारा वेगळा झाला. हृदयाचे जनुक कुणी वाटून घेतले नाही. दावा चालू राहू द्या. पण हा निरोप त्यातून वगळा.

पुढचा अडसर लग्नाचा. मुलीची इको करू नका, कळले तर स्थळे येणार नाहीत, असे सांगणारी माणसे शिकलेलीही असतात. परिणाम असा, की तीच मुलगी पुढे गरोदरपणात, हृदयावर ताण वाढल्यावर, धापा टाकत दवाखान्यात येते. किंवा तिचे बाळ तपासणीविना वाढते. पत्रिकेत नाडी जुळवताना आपण तासन्‌तास घालवतो. स्थळ पाहताना हृदयाचा आजार उघड सांगणाऱ्या घराला नाकारणे आणि लपवणाऱ्या घरात बिनदिक्कत मुलगी देणे, हा व्यवहार आपण चालवून घेतो. लपवणाऱ्यांना दोष देणे सोपे आहे. त्यांना लपवायला भाग पाडतो तो स्थळे नाकारणारा समाज, म्हणजे आपण सगळे. आत्ते-मामे भावंडांच्या लग्नाबद्दलही इथेच बोलले पाहिजे. या आजारात बहुधा एकच दोषी प्रत पुरते, त्यामुळे परक्या घरात लग्न केले म्हणून तो टळत नाही. पण आई-बाप दोघेही एकाच आजोबाची तीच दोषी प्रत घेऊन असतील, तर मुलात दोन प्रती एकत्र येऊ शकतात, आणि अशा काही बाळांचा आजार पहिल्याच वर्षी जीवघेणा ठरतो. ज्या घरात हा आजार माहीत आहे, तिथे मामाच्या मुलीचा हट्ट सोडलाच पाहिजे.

विमा कंपन्यांची भीती खोटी नाही. याच आजाराच्या एका रुग्णाचा दावा विमा कंपनीने आनुवंशिक आजार म्हणून नाकारला होता. २०१८ च्या फेब्रुवारीत दिल्ली उच्च न्यायालयाने आरोग्य विम्यातून आनुवंशिक आजार सरसकट वगळणे भेदभावाचे ठरवले, आणि मार्चमध्ये विमा नियामकाने अशा कारणावरून दावे नाकारू नयेत असे कंपन्यांना कळवले. पुढे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. पण जनुकीय माहितीवरून कुणाशी भेदभाव करू नये, असा अमेरिकेच्या २००८ च्या कायद्यासारखा स्वतंत्र कायदा आपल्याकडे नाही. घरांनी बोलावे अशी अपेक्षा असेल, तर बोलणाऱ्याला संरक्षण देणारा कायदा मागणे हे आपले काम आहे. आमदार-खासदारांकडे रस्ते मागतो, तसा तो मागावा.

सरकारी यंत्रणेकडे यासाठी पायाभूत सोय आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके २०१३ पासून अंगणवाड्या आणि शाळांत मुले तपासतात. त्यांच्या कार्डावर दोन प्रश्न वाढवता येतील: धावताना कधी बेशुद्ध पडला का, आणि घरात चाळिशीच्या आत कुणी अचानक गेले का. पूर्वी अशा घरांतल्या मुलांची तपासणी दहा-बारा वर्षांनंतरच सुरू करत. लंडनच्या रुग्णालयाने २०१९ मध्ये दाखवले, की तपासणीत सापडलेल्या आजारी मुलांपैकी बहुसंख्य बारा वर्षांच्या आतली होती. म्हणून आता निदान झाल्याबरोबर सर्व भावंडांना, कितीही लहान असली तरी, तपासायचा सल्ला आहे. आणि तरुण माणसाच्या अकस्मात मृत्यूत शवविच्छेदनाला नातेवाइकांनी नको म्हणू नये. चिरफाड नको, ही माया समजते. पण हृदय नीट पाहिले गेले नाही, तर धाकट्या भावाला कसली भीती आहे हे कुणालाच कळत नाही.

शेवटी एक ठोस सूचना. प्रत्येक हृदयरोग विभागाने निदानाच्या दिवशीच आई-बापांच्या हातात मराठीत लिहिलेले एक पत्र द्यावे, भावकीला वाटण्यासाठी, पाच-दहा प्रतींत. मजकूर साधा असावा: “आमच्या मुलाला हृदयाचा स्नायू जाड होण्याचा आनुवंशिक आजार असल्याचे निदान झाले आहे. तुम्ही आमचे रक्ताचे नातेवाईक आहात, म्हणून तुम्हाला आणि तुमच्या मुलांना तो असण्याची शक्यता आहे. काही त्रास नसला तरी ईसीजी आणि इको करून घ्या. डॉक्टरांना हे पत्र दाखवा. यात कुणाचा दोष नाही.” खाली विभागाचा दूरध्वनी क्रमांक, तपासणीचे वार, आणि जनुकाचा बदल सापडला असल्यास त्याचे नेमके नाव. बोलणे बंद असलेल्या घरी हे पत्र टपालाने पाठवता येते, तलाठ्याच्या किंवा आशाताईंच्या हातीही देता येते. गणपतीला सारी भावकी एका घरात जमते. तिथे आरतीनंतर ते मोठ्याने वाचायला पाच मिनिटे पुरतात, आणि मुंबई-पुण्याहून आलेल्यांनी त्याचा फोटो काढून ज्यांना यायला जमले नाही त्यांना पाठवावा.